ठेवणीतली बाटली

दुकानातला पंखा बंद झाला की गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहायचं. पंख्याच्या वाऱ्याने काटा हलतो आणि वजन चुकतं, हा सराफीतला जुना नियम. मखमलराव बटण बंद करायचे, पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायचे आणि मग चिमट्याने एक वेफर उचलून काचेच्या पेटीतल्या काट्यावर अलगद ठेवायचे. आकडा स्थिरावला की हलक्या आवाजात म्हणायचे, "बघून घ्या. नाजूक नग आहे. नुसता कपाटात ठेवलात तरी घराला शोभा येईल."

मखमलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर तांबड्या मखमलीच्या तबकात दागिने मांडता मांडता त्यांचा आवाज, त्यांची चाल, इतकंच काय त्यांचा खोकलासुद्धा मखमली झाला होता. बाजाराने ते नाव चिकटवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. बायको रागावली की तीही त्याच नावाने हाक मारायची.

आता सराफाच्या दुकानात वेफर कसे आले, हे सांगायला हवं. थंड पेयांचे आणि चटकमटक खाण्याचे भाव वाढायला लागले तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. महागाई काय, सगळ्यांच्या पाचवीलाच पुजलेली. पण तेल, धान्य, साबण वाढून वाढून दमले आणि एका जागी बसले. वेफर आणि रंगीत पाण्याच्या बाटल्या मात्र बसायचं नावच घेईनात. टीव्हीवर जाणकार मंडळी रोज नवं कारण सांगायची. एके दिवशी बटाटा, एके दिवशी बाटलीची काच, एके दिवशी पाकिटातली हवा. शेवटी एकाने सांगून टाकलं की भाव वाढतात म्हणून लोक माल जपून ठेवतात आणि लोक जपून ठेवतात म्हणून भाव वाढतात. एवढं बोलून तो हात जोडून उठून गेला.

दुकानाचे मालक म्हणजे वारा येईल तशी पाठ देणारा माणूस. त्यांनी आधी मोत्यांच्या शेजारी चार पाकिटं मांडली. मग मोती मागच्या फळीवर सरकले. मग 'एका पाकिटावर एक अंगठी मोफत' अशी पाटी लागली. लोक पाकीट छातीशी धरून निघून जायचे आणि अंगठी काउंटरवरच विसरायचे. त्या अंगठ्यांनी एक खण भरला, तेव्हा मालकांनी सोनं विकायचंच बंद करून टाकलं.

धंदा बदलला, पण रीत कशी बदलणार? रीत सराफीचीच राहिली. "साधा दाखवू की नागमोडी?" मखमलराव विचारायचे. नागमोडीला घडणावळ जास्त. घरी नेताना तुटला आणि बदलून मागितला तर घट धरायची. बायका पाकीट गळ्याशी धरून आरशात बघायच्या, कारण आरसा होताच, आणि मखमलरावांच्या तोंडून सवयीने निघून जायचं, "हा हिरवा तुम्हाला खुलतो हं." संध्याकाळी मऊ कुंचल्याने फरशी झाडून चुरा पुडीत बांधला जायचा. घरी जाण्याआधी सगळ्या नोकरांनी एका परातीत बोटं धुवायची, आणि ते पाणी आटवून तळाला उरलेलं मीठ मालक स्वतः डबीत भरायचे.

गंमत अशी, की एवढा माल हाताखालून जात होता, पण दुकानात कोणी खाऊन पाहिला नव्हता. तसा विचारही कोणाला शिवला नाही. सोनंसुद्धा लोक दाताखाली धरून पाहतात. वेफरला तेवढंही कोणी केलं नाही.

मग बाजारात खोट्या मालाची बोंब उठली. पलीकडच्या रस्त्यावर कोणीतरी पाकिटात वाळकी पानं भरून विकली म्हणे. मालकांचं धाबं दणाणलं. त्यांनी कपाटाच्या तळातून सोन्यावर शुद्धतेची खूण उमटवायचा पोलादी ठसा आणि छोटी हातोडी काढली आणि मखमलरावांच्या हातात दिली.

"प्रत्येक नगावर शिक्का. तुमच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नाही."

मखमलरावांची छाती फुगली. त्यांनी पहिलं पाकीट लाकडी ठोकळ्यावर ठेवलं, वरच्या कोपऱ्यात ठसा धरला आणि इतकी वर्षं सोन्यावर मारला त्याच जोराने मारला. टक्. पाकीट 'फुस्स' म्हणालं.

"बसला शिक्का," मालक समाधानाने म्हणाले.

त्या दिवसापासून 'फुस्स' झाल्याशिवाय शिक्का बसला असं कोणी मानेना. बाटल्यांच्या टोपणावर ठसा पडला की आतून बारीक सुस्कारा यायचा, तोही सगळे कान लावून ऐकायचे. शिक्क्याची पाकिटं चपटी व्हायची, त्यामुळे तिजोरीत एकावर एक छान बसायची. आणि थोड्या दिवसांनी नवलच झालं. मालकांनी तिजोरीतला माल पुन्हा तोलला तर वजन वाढलेलं! पंखा बंद करून तोललं, दार लावून तोललं, काटा बदलून तोललं. वाढलेलंच.

"मखमलराव," मालकांचा आवाज कापत होता, "तीन पिढ्या सोन्यात घालवल्या आम्ही. ठेवल्या जागी वाढणारं सोनं कोणी पाहिलं नव्हतं."

मखमलरावांना वाटलं, हा आपल्या हाताचा गुण. आणि अशा भरात माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. घरच्या मौल्यवान वस्तूलाही आपला हात लागावा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

घरात तशी वस्तू एकच होती, आईची बाटली. नारिंगी रंगाच्या थंड पेयाची, काचेची, पत्र्याच्या टोपणाची, कपाटात पांघरुणांच्या मागे ठेवलेली. लग्नानंतर आईबाबा पहिल्यांदा दोघंच कुठेतरी निघाले होते, तेव्हा बसची वाट बघताना बाबांनी दोन बाटल्या घेतल्या. बाबांनी आपली एका दमात संपवली. त्यांचे डोळे भरून आले, नाक लाल झालं, तोंडातून शब्द फुटेना, आणि मग असा ढेकर आला की तिकिटाच्या खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. बाबा हसत सुटले. हसता हसता एवढंच म्हणाले, "अगं, नाकात झिणझिण्या आल्या!"

आई म्हणाली, "माझी राहू दे. कोणी आलं-गेलं तर होईल."

रिकामी बाटली परत द्यायची असते, म्हणून बाबांनी बाटलीचेही वेगळे पैसे भरले आणि ती घरी आली. तेव्हापासून ती ठेवणीत. आईचा स्वभावच तसा. चांगले कप ठेवणीत, चांगला टॉवेल ठेवणीत, चांगली चादर तर अशी ठेवणीत की तिची घडी मोडायला कसर लागावी लागली. पाहुणे कितीतरी आले, पण बाटली उघडावी असा पाहुणा काही आला नाही. कोणी फार जवळचा, त्याच्यासाठी कशाला उघडायची. कोणी फार लांबचा, त्याच्यासाठी तर मुळीच नको. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसंही पाणी पिऊनच गेली.

आणि आता त्या एका बाटलीत हे राहतं घर आलं असतं. मखमलरावांनी ती टॉवेलात गुंडाळून दुकानात नेली, मालकांची परवानगी घेतली आणि टोपणावर सुबक शिक्का मारला. सुस्कारा आला. घरी आणून आईच्या हातात देताना ते म्हणाले, "आई, आता हिच्यावर शंका घ्यायची कोणाची छाती नाही."

आईने खुणेवरून बोट फिरवलं. "छान झालंय रे," ती म्हणाली. "तुझा हात चांगला आहे." मखमलराव त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

महिनाभराने, जेवणं आटोपल्यावर, आईने एकदम जाहीर केलं, "मी उद्या संध्याकाळी बाटली पिणार आहे."

सुनेच्या हातातलं भांडं घसरलं. "कोण येणारेय, आई?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला प्यायचीय." आईने मांडीवरचा रुमाल नीट केला. "तुझे सासरे एवढं हसले ते कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलं. आता विचारायला माणूस नाही, निदान बाटली तरी आहे. डोळे मिटायच्या आधी एकदा नाकात झिणझिण्या येऊ देत."

सून हिशेबी होती, पण दुष्ट नव्हती. तिने घराकडे एकदा नजर फिरवली, गळक्या नळाकडे पाहिलं, ओल धरलेल्या भिंतीकडे पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "चांगले ग्लास काढून ठेवते."

मखमलरावांना भरून आलं. ऐपतीचं काय, आई मागत होती ती तिचीच वस्तू होती. जन्मात पहिल्यांदा आईने स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं आणि ते घरात होतं, या आनंदात ते झोपले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून थोडा वेळ झाला असेल, एक निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. ताठ कणा, जाड चष्मा. सरळ तिजोरीतलं एक पाकीट मागितलं, भावाची घासाघीस केली नाही, पैसे मोजून दिले. असं गिऱ्हाईक म्हणजे दुधात साखर.

"मखमलीच्या डबीत घालून देऊ?" मखमलरावांनी विचारलं.

"नको. इथंच खाते."

दुकानात इतकी शांतता पसरली की पंखा बंद आहे की चालू, हे बघायला दोघांनी वर मान केली.

"खाता म्हणजे... नक्की काय करता?" मालकांनी विचारलं.

पाकिटाचं तोंड धरून बाईंनी ते फाडलं. मालक मटकन खाली बसले. बाईंनी एक वेफर काढला, डोळे मिटले, तोंडात घातला. सगळे वाट बघत राहिले. बाई चावत होत्या आणि कुठलाच आवाज येत नव्हता.

"सादळलेत," बाई म्हणाल्या.

"काय झालंय?"

"सादळलेत. मऊ पडलेत. ओल्या पुठ्ठ्यासारखे." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "कुर्रर वाजलं नाही हो. एवढे पैसे मी त्या कुर्ररसाठी साठवले होते."

मालक सावरून उठले. "बाई, आवाजाची हमी आम्ही कधी दिलेली नाही. वजन आणि शुद्धता, एवढंच आमचं. उलट तुमचा नग वजनाला वाढलेला आहे, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत."

"पण हे सादळतील कसे? पाकीट तर बंद होतं," असं म्हणत बाईंनी फाटकं पाकीट दाराकडच्या उजेडात धरलं. कोपऱ्यातल्या शिक्क्यातून उजेडाचा एक बारीक ठिपका निघाला आणि थेट मखमलरावांच्या सदऱ्यावर येऊन बसला. बरोबर खिशावर.

मखमलरावांनी ठिपक्याकडे पाहिलं. मग शिक्क्याकडे. मग आपल्या उजव्या हाताकडे. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. पण कानाला भोक पडतं ते डूल घालायला. इथे भोकातून काय आत गेलं आणि काय बाहेर आलं, ते त्यांना क्षणात समजलं. 'फुस्स' आणि सुस्कारा त्यांच्या कानात पुन्हा वाजले. पाकिटांचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना दिसलं ते टॉवेलात गुंडाळलेलं नारिंगी पाणी.

बाई निघून गेल्या. मालक मात्र हरणाऱ्यांतले नव्हते. दुपारच्या आत त्यांनी नवी पाटी रंगवून घेतली: 'मुरलेले वेफर. आवाजविरहित. घरंदाज माणसांसाठी.' भाव दीडपट. संध्याकाळपर्यंत रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली, आणि रांगेतली माणसं एकमेकांना सांगत होती की कुरकुरीत खाणं तसंही जरा उथळच.

त्या गर्दीतून वाट काढत मखमलराव मालकांपाशी गेले. जन्मात त्यांनी पगाराबाहेर काही मागितलं नव्हतं.

"मालक, एक बाटली पाहिजे. बिनशिक्क्याची. माझा पगार कापा, हवा तितकी वर्षं कापा."

मालकांनी तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या पुढ्यात टाकल्या. "शोधा. तुमच्या हातून सुटलेली एक तरी सापडली तर फुकट न्या."

मखमलरावांनी एकेक बाटली उचलून पाहिली. प्रत्येक टोपणाच्या मधोमध तीच खूण, सरळ, सुबक, खोल. एकही चुकली नव्हती. एवढं चोख काम केल्याचं दुःख माणसाला क्वचितच होत असेल.

घरी पोचले तर दारात बायको. "अहो, तोंड का असं उतरलंय?"

मखमलरावांनी तिला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "आता?"

"सांगून टाकतो. काय व्हायचं ते होऊ दे."

"थोडा खायचा सोडा घातला तर?"

"अगं, टोपण काढल्यावर आईसमोर सोडा घालायचा?"

आत आई तयार होऊन बसली होती. ठेवणीतले कपडे, त्यांवर घड्यांच्या रेषा, केस चापूनचोपून बांधलेले. समोर ठेवणीतली चादर अंथरलेली, तिच्यावर ठेवणीतले तीन ग्लास आणि मधोमध बाटली. आई इतकी नीटनेटकी दिसत होती की मखमलरावांना वाटलं, आज घरी कोणी पाहुणा आला असेल तर ती आईच.

"ये, बस. तुझ्यासाठीच थांबले होते."

"आई, त्या बाटलीचं जरा—"

"बोलणं मागाहून. आधी उघड. माझ्या बोटांत जोर नाही."

मखमलरावांनी टोपण काढलं. काही वाजलं नाही. आईने बाटली स्वतः धरली आणि तिन्ही ग्लासांत थोडं थोडं ओतलं. एक बुडबुडा वर आला नाही. नारिंगी पाणी ग्लासात गपगुमान पडून राहिलं.

"घ्या," आई म्हणाली आणि तिने घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवून तिने नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं आणि वाट बघू लागली.

सुनेने घोट घेतला. मखमलरावांनी घेतला. कोमट, गोड, खोकल्याच्या औषधाच्या चुलत भावासारखं काहीतरी घशाखाली उतरलं.

आई वाट बघत होती. तिने आणखी एक घोट घेतला. पुन्हा बोट नाकाला. हळूहळू तिचा चेहरा कोमेजत गेला. "काहीच होत नाही रे," ती म्हणाली, तेही अगदी हळू, कोणाला दोष लागू नये अशा बेताने.

मखमलरावांनी ग्लास घट्ट धरला. "आई, मी... त्या शिक्क्याने..." पुढचा शब्द निघेना. नाकाच्या मुळाशी बारीक सुया टोचायला लागल्या, तिथून त्या डोळ्यांत चढल्या आणि डोळे भरून वाहायला लागले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज म्हणून फुटला नाही.

आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आणि बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"आल्या ना?" ती पुढे झुकली. "झिणझिण्या आल्या ना तुला? सूनबाई, बघ, बघ! नाक लाल, डोळ्यांत पाणी, बोलता येत नाही. अगदी असंच झालं होतं त्यांचं! अगदी असंच!"

मखमलरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे बाटली चांगली आहे," आई म्हणाली. "माझंच नाक म्हातारं झालं, दुसरं काय." आणि तिला हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. "कसा दिसतोस रे! म्हणून हसत होते होय ते! स्वतःचीच फजिती झाली की हसूच येणार माणसाला. एवढंच होतं, आणि मी जन्मभर विचार करत बसले."

सून तोंड फिरवून ग्लास पुसायला लागली, जो अजून रिकामा झालेलाही नव्हता.

आई हसून हसून थकली तेव्हा तिने आपला ग्लास निरखून पाहिला, उरलेलं पाणी थेंबही न सांडता परत बाटलीत ओतलं आणि बाटली मुलापुढे सरकवली.

"नीट झाकून ठेव रे. बरीच उरलीय. कोणी आलं-गेलं तर होईल."

मखमलरावांनी टोपण बसवलं, आणि शिक्क्याच्या भोकावर अंगठा दाबून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.